बारसं अडलेल्या नातीची वंशावळ

वाशी, जि. धाराशिव
सोमवार

आदरणीय व्याही कल्याणप्पा यांना महारुद्र मास्तराचा शरणु शरणार्थी.

आपला डावा गुडघा यंदाच्या थंडीत कसा आहे? विहीणबाईंना संक्रांतीच्या सुमारास खोकला होता, तो गेला असावा. (ही बातमी मला कुणी दिली ते विचारू नका. वाशी ते लोहारा हे अंतर शंभर किलोमीटरच्या वर असलं, तरी नातेवाइकांच्या तोंडाला एसटी लागत नाही.) शेळ्या, बोकड, या हंगामातली करडं, सगळी बेस असतील. आमच्याकडं मी, मंडळी, गौरी आणि बाळ, चौघंही बरे आहोत. फोन आपण उचलत नाही, म्हणून पत्राचा त्रास देतो आहे. मेसेज पाहिल्याच्या निळ्या खुणा मात्र न चुकता येतात, त्यावरून आपली दृष्टी उत्तम आहे एवढं कळतं आणि समाधान वाटतं.

विषय तुम्हाला ठाऊकच आहे. पण मी पडलो मास्तर; मागच्या तासाची उजळणी केल्याशिवाय पुढचं शिकवायला माझी जीभ वळत नाही. तर उजळणी अशी. माझी लेक गौरी, म्हणजे तुमची सून, जूनमध्ये जिल्ह्याच्या गावी बाळंत झाली. मुलगी झाली. केस कापसासारखे, कातडी ताकासारखी, पापण्यासुद्धा पांढऱ्या. आता तुमच्या-माझ्या दोन्ही घरांत रंगाच्या बाबतीत एकेक माणूस म्हणजे तव्याची मागची बाजू. (मुलीचं नाव गौरी ठेवताना मी आशा व्यक्त केली होती, वर्णन केलं नव्हतं.) त्यामुळं बाळ बघून सगळेच गप झाले, मग सगळेच एकदम बोलले, आणि तुम्ही विहीणबाईंना व महानंदेला घेऊन तडक निघून गेलात. महानंदा ही तुमची लेक, उत्कर्षची थोरली बहीण, म्हणजे बाळाची सख्खी आणि एकुलती एक आत्या. बाराव्या दिवसाचं बारसं ठरलेलं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते. आत्या तुमच्या घरी, बाळ माझ्या घरी, आणि याला आता आठ महिने झाले. पाचव्या महिन्यात बाळंतिणीला न्यायला तुमच्याकडून कुणी यायचं असतं, तेही झालं नाही. जावईबापू वडिलांच्या शब्दाबाहेर नाहीत, ही एरवी कौतुकाचीच गोष्ट म्हटली असती. पोर बिनानावाची आहे. जन्माच्या दाखल्यावर नावाचा रकाना कोरा आहे, लशीच्या कार्डावर ‘गौरी यांची मुलगी’ असं लिहिलंय, आणि परवा आरोग्य केंद्रातली बाई म्हणाली की मास्तर, आता तरी काहीतरी सांगा, रजिस्टरमध्ये पेन्सिलीनं किती दिवस ठेवू?

उजळणी संपली. आता धडा.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे कोड नाही, रोग नाही, कुणाला लागत नाही आणि ग्रहणात भाजी चिरल्यानं होत नाही. याला वर्णकहीनता म्हणतात. अंगात रंग तयार होत नाही, एवढंच. उन्हापासून कातडी जपायची, डोळे तपासून घ्यायचे, चष्मा लागेल तो वेळेवर लावायचा. बाकी पोर चारचौघींसारखी, रडण्यात तर चारचौघींपेक्षा सरस. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा मी मान हलवत होतो, आणि मनात विचार करत होतो की हा शब्द आपण कुठंतरी ऐकलाय. व्याहीबुवा, तो शब्द मी बावीस वर्षं दहावीच्या पोरांना शिकवतो आहे. फळ्यावर चार चौकोन काढतो, त्यात इंग्रजी मोठी अक्षरं, लहान अक्षरं भरतो, खाली लिहितो ‘तीनास एक’, आणि सांगतो की हे हमखास तीन गुणांना येतं. तीन गुणांना येणारी गोष्ट स्वतःच्या घरात येते, हे मला बावीस वर्षांत सुचलं नव्हतं. घरात आली तेव्हा मी ओळखलीसुद्धा नाही. माझ्या वर्गातलं एखादं पोरगं असं वागलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

घरी आल्यावर मी बोधकार्य हाती घेतलं. शेजारच्या मथुराबाई (यांना गावातली सगळी बाळंतपणं तारीखवार पाठ आहेत) रोज येऊन एकच प्रश्न विचारायच्या, की काळ्यात काळं मिसळलं तर पांढरं कसं निघंल? दुधात दूध ओतून कधी ताक झालंय व्हय? प्रश्न चुकीचा नव्हता. शेकडो वर्षं मोठमोठ्या विद्वानांनाही असंच वाटत होतं की आई आणि बाप एकमेकांत दूध-पाण्यासारखे मिसळतात. मग मेंडेल नावाचा एक पाद्री मठाच्या बागेत वाटाणे लावत बसला, आठ वर्षं नुसते दाणे मोजले, आणि त्याला दिसलं की मिसळत काही नाही. ज्वारीच्या पोत्यात करडईचे चार दाणे पडले तर ते ज्वारी होत नाहीत. वरून दिसत नाहीत, दहा वर्षं दिसणार नाहीत, पण असतात ते करडईच. (हे त्यानं सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं नाही. तो गेल्यावर सोळा वर्षांनी ऐकलं. हे वाचून मला माझ्या नोकरीबद्दल थोडं बरं वाटतं.)

तर मी दोन वाट्या मांडल्या. एक गौरी, एक उत्कर्ष. प्रत्येक वाटीत एक काळा उडीद आणि एक पांढरी चवळी. उडीद म्हणजे रंग तयार करणारं जनुक, चवळी म्हणजे न करणारं. माणसात दोन्ही असतील तर उडदाचं चालतं, चवळी गप बसून राहते. म्हणून गौरी सावळी, उत्कर्ष सावळा, आणि आपण नसती खात्री बाळगून बसलेलो. बाळाला प्रत्येक वाटीतून डोळे मिटून एकेकच दाणा मिळतो. दोन उडीद आले, बाळ सावळं. एक उडीद एक चवळी आली, मग ती कुठल्याही वाटीतून कुठलीही येवो, बाळ सावळंच. दोन्हीकडून चवळीच आली तरच बाळ असं. चारात एक. मथुराबाईंना म्हटलं, काढा. त्यांनी डोळे मिटून काढले, चवळी-चवळी. परत ठेवून परत काढले, चवळी-चवळी. तिसऱ्यांदाही तेच. बावीस वर्षांच्या अनुभवात फळ्यानं मला असा दगा कधी दिला नव्हता. मथुराबाई म्हणाल्या, “मास्तर, तुमच्या वाट्याच बाधल्यात.” आणि उठताना दिलासा म्हणून पुढं म्हणाल्या, “जाऊ द्या. चारात एक म्हणता न्हवं? ती एक झाली. आता फुडली तिन्ही धड निघत्यात, सुटलात.” मी त्यांना सांगू लागलो की वाटीला आठवण नसते, मागं काय निघालं हे तिला ठाऊक नसतं, दर खेपेला चारात एक हे नव्यानंच सुरू होतं. पण तोवर त्या बाहेर पडल्या होत्या, आणि दुपारपर्यंत गावात झालं होतं की मास्तरांनी हिशेब काढलाय, अजून तीन होणार. गौरी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

हे सगळं मी तुम्हाला का शिकवतो आहे? कल्याणप्पा, मी शिकवत नाही. मी तुमचंच तुम्हाला परत करतो आहे. सोयरीक जमण्याआधी मी तुमचं घर बघायला आलो होतो. तुम्ही मला घर दाखवलं नाही, गोठा दाखवलात. (योग्यच केलंत, घरापेक्षा तो जास्त नेटका होता.) उस्मानाबादी शेळ्यांचा तो कळप, काळ्या कोळशासारखा, आणि प्रत्येकीची आई कोण, आजी कोण, बोकड कुणाच्या दावणीचा, हे पाच पिढ्यांपर्यंत तुम्हाला पाठ. तेव्हा तुम्ही एक हकिकत सांगितली होती. बाजारातले शेळ्यांचे व्यापारी आयुबभाई यांच्याकडून तुम्ही एक काळाभोर बोकड आणला, तुमच्या काळ्या शेळीला दाखवला, आणि करडू झालं तांबूस. तुम्ही भर बाजारात जाऊन आयुबभाईंना फैलावर घेतलंत, की मिसळीचा माल गळ्यात मारलास. ते शांतपणे म्हणाले, बोकडाला दुसऱ्या शेळ्या दाखव अन् मग बोल. तुम्ही दाखवल्या. बाकी अकरा शेळ्यांची करडं काळी निघाली, आणि त्या एकीला पुढच्या वेताला परत एक तांबूस. मग तुम्ही मला जे म्हणालात ते मी त्याच संध्याकाळी वहीत उतरवून घेतलं होतं. “गुरुजी, बोकडात खोट न्हाय अन् शेळीत बी न्हाय. दोघांच्यात जरा जरा दडून बसल्यालं असतंय. गाठ पडली की वर येतंय. त्याला कोण काय करनार?”

शेळ्यांच्या रंगाचं शास्त्र माणसापेक्षा जरा जास्त गुंत्याचं आहे, पण मूळ गोष्ट तीच, आणि तुम्ही ती एकही चौकोन न काढता ओळखलीत. मी तेव्हाच ठरवलं की लेक द्यायची तर याच घरात. पुढं तुम्ही आयुबभाईंच्या दुकानी स्वतः गेलात आणि झालं गेलं मिटवून चहा पिऊन आलात. आणि ते तांबूस करडू? त्याला तुम्ही बाजार दाखवला नाहीत. ती आज तुमची सगळ्यात दुधाळ शेळी आहे, दर वेताला जुळी देते, आणि तिचं नाव तुम्ही केशर ठेवलंत. ती दोन दिवसांची असताना ठेवलंत.

यावर मी काही बोलत नाही. एक ओळ मोकळी सोडतो आणि पुढं जातो.

आता शांतलिंग हेळव्याचं सांगतो. तुमच्याकडंही तोच येतो. (गौरी हे पत्र वाचणारच, आणि तिच्या पिढीला सांगावं लागतं, म्हणून लिहितो: हेळवी म्हणजे सुगी झाली की दारात उभा राहून घराण्याची वंशावळ मोठ्यानं वाचून दाखवणारा. याचा आजा बैलावरून यायचा, हा मोटारसायकलवरून येतो. दारचं धान्य घेतो आणि जातो.) त्याची आमच्याकडची पाळी शिमग्याच्या पुढं, पण मी फोन करून त्याला पौषातच बोलावून घेतलं. माझा हेतू शुद्ध नव्हता. मला त्याच्या वहीत तुमच्या घराण्यातला एखादा पांढरा पूर्वज सापडायला हवा होता, म्हणजे तो मला तुमच्यासमोर धरता आला असता. शांतलिंगनं मला नखशिखांत बघितलं आणि म्हणाला, “त्यांचं त्यांच्या दारात वाचीन, तुमचं तुमच्या दारात. वही अशी फिरवली तर माझा धंदा बसंल अन् तुमची सोयरीक.” मग वहीचं फडकं सोडून तो माझं घराणं वाचू लागला, दारात उभं राहून, त्या त्यांच्या ठेक्यात, गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं.

माझ्या खापरपणजोबांना मुलगे दोन. थोरला माझा पणजोबा. धाकट्याचं नाव नुसतं ‘बिळ्या’. (एरवी मी सुपात धान्य घालून आत वळतो, इथवर कधी ऐकलंच नव्हतं.) मी विचारलं, बिळ्या म्हणजे? शांतलिंग म्हणाला की कानडीत बिळी म्हणजे पांढरा, आणि पुढं वाचू लागला: अंग पांढरं, केस पांढरे, उन्हात डोळे उघडत नव्हते, नांगर धरला नाही, लग्न केलं नाही, मठाच्या सावलीत बसून दोर वळायचा, सत्तर वर्षांचा होऊन गेला, त्यानं वळलेला दोर बैलाला तुटत नव्हता. मथुराबाई त्यांच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. आणि त्याच पानावर त्यापुढं होतं, ‘भैन एक, दिली लोहाऱ्याकडं, शेळीवाल्यांच्या घरात.’

लोहाऱ्याकडं शेळीवाल्यांची घरं किती ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल. खात्री शांतलिंगला नाही आणि मलाही नाही, पण शास्त्राला धरून अंदाज असा निघतो की जी चवळी मी तुमच्या वाटीत शोधायला निघालो होतो, ती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माझ्याच घरातून, हळद लावून, पाठवणी करून, तुमच्याकडं गेलेली असावी. तिथं ती चार पिढ्या उडदाच्या आड बसून राहिली, आणि तिची दुसरी बहीण इकडं माझ्या घरात बसून राहिली. आपण दोघांनी मोठ्या हौसेनं त्यांची गाठ घालून दिली.

मी शांतलिंगला विचारलं, त्या बहिणीचं नाव काय? तो म्हणाला, “लेकीची नावं वहीत नसत्यात, गुरुजी. लेक दिली, यवढंच असतंय.” त्याला त्यात काही वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर एरवी मलाही वाटलं नसतं. पण त्या दिवशी वाटलं. ही सोयरीक जमवताना तुम्ही माझं घराणं सात पिढ्या बघितलंत, मी तुमचं बघितलं, दोघांनी माना डोलावल्या. आपण बघितले ते बापाचे बाप आणि त्यांचे बाप. प्रत्येक पिढीला निम्मे दाणे आईकडून येतात, आणि त्या आयांचा आपल्या वहीत पत्ताच नाही. आपण दोघांनी वाटी अर्धी झाकून बघितली आणि निर्वाळा दिला. त्या बाईचं नाव गेलं, तिचा दाणा तेवढा राहिला, आणि सव्वाशे वर्षांनी तो माझ्या ओसरीवर टोपडं घालून पडलाय आणि स्वतःच्या पायाचा अंगठा चोखतोय. तिचंही नाव कुणी लिहिलेलं नाही. सव्वाशे वर्षांत आपण एवढीच प्रगती केली.

आता शेवटचं, आणि हे लिहायला मला तीन दिवस लागले. त्या दिवशी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये नर्सनं बाळ आणून दाखवलं. तुम्ही हात पुढं केला होता. मला ते चांगलं आठवतं, कारण तुमच्या हातातली पिशवी तुम्ही विहीणबाईंकडं दिली होती. आणि तुम्ही काही बोलण्याच्या आत, सगळ्यांच्या देखत, मी म्हणालो, “आमच्या घराण्यात असं कधी झालेलं नाही.” त्यावर तुम्ही म्हणालात, “मग आमच्यात झालंय व्हय?” आणि हात मागं घेतलात. गेले आठ महिने मी ही गोष्ट जो कोणी ऐकेल त्याला सांगतो आहे, आणि दर वेळी ती तुमच्या वाक्यापासून सुरू करतो. माझं वाक्य मी कुणालाच सांगितलेलं नाही. ते मी मागं घेतो. ते वाक्य खोटं होतं, हे तर वहीनंच सांगितलं. पण खरं असतं तरी बोलायचं नव्हतं.

वर्गात मी शिकवतो की काही गुण प्रभावी असतात, एकाच बाजूनं आले तरी दिसतात. काही अप्रभावी, त्यांना दोन्ही बाजू लागतात. रंगाचं मी सांगितलंच. ताठा मात्र प्रभावी आहे, एकाच बाजूनं आला तरी लगेच दिसतो. या खेपेला तो दोन्हीकडून आला, म्हणून बारसं राहिलं.

विहीणबाईंना नमस्कार, महानंदेला आशीर्वाद, जावईबापूंना काय सांगावं ते सुचत नाही म्हणून तेही आशीर्वादच. केशरच्या जुळ्यांना चारा.

आपला,
महारुद्र

ता. क. १ : एवढं पाल्हाळ लावायचं कारण एकच. तुम्ही याच असं मी म्हणत नाही, तुमचा मान तुमच्यापाशी. पण महानंदेला पाठवा. एका दिवसासाठी पाठवा. कानात एक शब्द सांगायला कितीसा वेळ लागतो? तिची परत जायची सोय मी करतो.

ता. क. २ : नाव तुमच्या पसंतीचं आणा. फक्त शुभ्रा, धवला, श्वेता, चांदणी असली नकोत. ती सगळी गावानं सुचवून झालेली आहेत.

ता. क. ३ : मामा, हे अक्षर गौरीचं आहे. बाबांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. बाबांनी लिहिलंय ते बरोबर आहे, पण बऱ्याच गोष्टी त्यांना ठाऊक नाहीत आणि तुम्हालाही नाहीत. उत्कर्ष दर दुसऱ्या शनिवारी शेळ्यांची औषधं आणायला बार्शीला जातात. ती औषधं लोहाऱ्यातच मिळतात. शनिवारी बाबांची शाळा सकाळची असते. उत्कर्ष नऊला येतात आणि शाळा सुटायच्या आत जातात. मथुराकाकू कोपऱ्यावर लक्ष ठेवतात. सासूबाईंनी उत्कर्षबरोबर लांब बाह्यांची चार झबली आणि रुंद काठाची टोपी शिवून पाठवली, तीच बाळ घालते. बाबा प्रशिक्षणाला गेले त्या दिवशी सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं आम्ही दोघं बाळाला घेऊन जाऊन आलो, चष्मा पुढच्या महिन्यात येईल. आणि महानंदाताईंनी दिवाळीतच फोन बाळाच्या कानाला लावायला सांगून नाव सांगितलं. तेव्हापासून त्या नावानं हाक मारली की बाळ मान वळवते. बाबांसमोर आम्ही ‘बाळ’ म्हणतो.

येत्या रविवारी दुपारी बारा वाजता पाळणा आहे. ताई, सासूबाई आणि उत्कर्ष सकाळच्या गाडीनं निघणार आहेत. बाबांना मी आज संध्याकाळी सांगते. तुम्हाला सासूबाई सांगतील, त्या हे पत्र तुमच्या हातात पडायची वाट बघतायत. नाव मी इथं लिहीत नाही. तुम्ही दोघांनी ते पाळण्यापाशी उभं राहूनच ऐकायचं आहे.